बाबांची डावी बाजू

—नाही नाही, मास्तर, आता तोंड उघडायचं नाही. जबडा हलला की कानातला साचा हलतो, साचा हलला की त्यावरून बनवलेलं मशीनचं नवीन कवच सैल बसतं, आणि मग तुम्हीच परत येणार तक्रार घेऊन, की मशीन शिट्टी मारतंय म्हणून. मान सरळ. समोर भिंतीकडे बघा, माझ्या तोंडाकडे नको. आता मी तरी कुणाला सांगतेय म्हणा, दोन्ही कान लगद्यानं भरून ठेवलेत, जुनी मशीनं काढून ह्या वाटीत टाकलीत— खूण केली की पुरे. हं, अशी. थंडीत हा लगदा घट्ट व्हायला वेळ घेतो, बसावं लागेल. म्हणजे आता तुमच्या मागे ढोल बडवला तरी तुम्हाला पत्ता नाही. बघू? ओ मास्तर! तुमच्या पाठीवर पाल आहे! —नाही. पापणीसुद्धा हलली नाही. उत्तम. चाळीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलंत ना, आता जरा स्वतः बसा.

तो थरथरतोय तो माझा फोन. धाकटीचा आहे, माझ्या बहिणीचा. थरथरू दे. मला माहितीय ती काय म्हणणार— ताई, निघालीस का, गाडी येईल आता. नाही निघाले. कशी निघणार, माझ्या खुर्चीत माणूस बसलाय, त्याच्या कानात लगदा आहे, मध्येच सोडून कशी जाऊ? तुम्हाला आजची वेळ मीच दिली, हो, मीच. तुम्ही म्हणत होता पुढच्या आठवड्यात येतो, मीच म्हटलं नको, आजच या, सकाळीच या. तुम्हाला वाटलं असेल, काय तत्पर बाई आहे. तत्पर कसली. आज आमचे बाबा घर सोडून चाललेत. गावाबाहेर ते वृद्धांचं निवासस्थान आहे ना, झाडंबिडं आहेत म्हणे, एकेकाला वेगळी खोली देतात— तिथे. त्यांचं त्यांनीच ठरवलं. आम्ही कुणी म्हटलं नाही हं, जा म्हणून. म्हणजे— म्हटलं नाही असं कसं म्हणू? बघा, अजून तुमच्यासमोरसुद्धा खोटं बोलतेय, आणि तुम्हाला तर ऐकूही येत नाहीये.

बहिऱ्या माणसासमोर मनात येईल ते बोलायची आमच्या घराची जुनी सवय आहे, मास्तर. वाईट सवय. बाबा छापखान्यात मशीनवर होते, जन्मभर त्या धडधडीत उभे. तेव्हा कुणी कानाला काही लावायचं नाही, लावलं तर सोबतचे हसायचे. आम्ही शाळेत होतो तेव्हाच त्यांचा उजवा कान गेला होता, डावा थोडा होता, तोही पुढे बारीक बारीक होत गेला. आणि मग आई. आई कायम त्यांच्या डाव्या बाजूला. जेवताना डावीकडे, रस्त्यानं चालताना डावीकडे, फोटोतसुद्धा बघा— सगळ्या फोटोंत डावीकडेच. घरात कुणी काही बोललं की बाबा आमच्याकडे बघून हसायचे, ते एक त्यांचं ठरलेलं हसू, ऐकू आलं नाही की यायचं ते, आणि मग आईकडे कान करायचे. ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, दादा काय म्हणाला, धाकटी काय म्हणाली. आणि काय सांगायची! दादा म्हणायचा, पुढच्या सुट्टीत मला येणं जमणार नाही, दरवेळी काय तेच तेच. आई सांगायची, म्हणतोय की काम फार आहे, पण तुमच्यासाठी स्वेटर पाठवतो. आणि मग स्वेटर आई स्वतःच आणायची. धाकटी चिडून म्हणायची, ह्यांच्याशी बोलून घसा बसतो. आई सांगायची, तिचा घसा बसलाय, गरम पाणी पी म्हणा तिला. आणि बाबा मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं— अगं, गरम पाणी पी! आम्ही हसून लोळायचो. आईपण हसायची. म्हणून तर आम्ही सोकावलो. बाबांकडे बघून गोड हसायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं, पुढचं आई बघून घ्यायची.

आता तुम्ही विचाराल— विचारलं असतंत, तोंड उघडता आलं असतं तर— की बाई, तुझं कानाच्या मशीनचं दुकान, आणि तुझाच बाप बहिरा? सगळे विचारतात. समोरचा न्हावी तर दर महिन्याला विचारतो. किती वर्षं मागे लागले होते मी आईच्या. बाबांच्या नाही, आईच्याच, कारण बाबांना विचारायचं तरी तिच्यातूनच विचारावं लागायचं, आणि ती त्यांच्या कानात काय सांगायची देव जाणे. राहू दे गं, म्हणायची, मी आहे ना. मला राग यायचा. म्हटलं, ही बाई त्यांना हातातून सोडायला तयार नाही, त्यांच्याजवळ आपल्याशिवाय कुणी पोचू नये म्हणून करतेय. असं वाटायचं मला. ती त्यांना आमच्यापासून सांभाळत होती हे मला आता कळतंय, आणि आता कळून काय उपयोग आहे?

उन्हाळ्यात गेली ती. वर्षभर अंथरुणाला खिळून होती, मी केलं तिचं. दुकान, घर, तिची आंघोळ, तिची औषधं— मी गावात राहते ना, गावात राहणाऱ्यानं करायचं असतं. दादा फोनवर विचारायचा, कशी आहे. धाकटी यायची, रडायची, जायची. मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणून चांगली ठरले. थांबा, बघू दे जरा. नख लावून बघते. नाही, ठसा उमटतोय अजून, कच्चं आहे. हलू नका.

तर वर्षअखेरची सुट्टी. दरवर्षी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमतो, पहिल्यापासून. ह्या वेळी जमायचं की नाही इथपासून चर्चा. दादा म्हणाला, आईशिवाय कसं, बाबांना त्रास होईल. मीच म्हटलं, जमायचं. सूप मी करते, भाजायचं ते मी भाजते, तुम्ही फक्त या. कारण माझ्या डोक्यात एक होतं. त्याच्या आधी महिनाभर मी बाबांच्या कानाचे साचे घेतले, त्यांच्या स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून, तुमचे घेतेय तसेच. वाटलं होतं, नको म्हणतील. आई गेल्यावर त्यांच्याशी बोलायला पाटी आणली होती, तिच्यावर लिहून विचारलं, बसवू का मशीन? त्यांनी वाचलं, आणि म्हणाले, बसव. पोरं येतील, काय बोलतात ते कळेल तरी. आता सांगायला कोण आहे मला?

लहानशी घेतली, कानाच्या आत बसणारी, बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. माझ्याकडची सगळ्यात चांगली होती ती. सुट्टीच्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत गेले आणि घातली. मास्तर, मी हे काम इतकी वर्षं करते, पहिल्यांदा ऐकणारी माणसं इतकी बघितलीत, पण आपल्या बापाचं तोंड... फ्रीजकडे बघायला लागले. हा वाजतो? मग चपला. उठून चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. माझ्या चपला एवढ्या वाजतात, तुम्ही लोकांनी सहन कसं केलंत? मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुझा आवाज आईसारखा झालाय. मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरला थोडा वेळ. सुपात कांदा नव्हताच.

आणि ठरलं, कुणाला सांगायचं नाही. मीच ठरवलं. म्हटलं, बाबा, जेवण होईपर्यंत गप्प बसायचं, नेहमीसारखं हसायचं, आणि शेवटी एकदम सगळ्यांना चकित करू. त्यांना काय गंमत वाटली! छापखान्यात म्हणे असेच खोड्या करायचे. हसू येऊ नये म्हणून मिशीवर हात ठेवून बसले टेबलाच्या टोकाशी. दादा समोर, वहिनी त्याच्या शेजारी, धाकटी इकडे. डावीकडच्या खुर्चीवर कुणी बसेना, शेवटी मी बसले. सूप वाढलं. सगळे म्हणाले आईसारखंच झालंय, ते काही झालं नव्हतं. चमचे वाजत होते, आणि बाबा एकेका चमच्याकडे बघत होते.

मग दादानं सुरू केलं. बाबांकडे बघून, गोड हसून, नेहमीसारखं. म्हणाला, ह्यांचं काय करायचं आता? दाराची घंटा ऐकू येत नाही, गॅस चालू राहिला तरी कळत नाही, एकटे कसे राहणार? बरोबरच होतं हो, काळजीचंच होतं. पण लगेच म्हणाला, माझ्याकडे तर शक्य नाही. दोन दिवसांत डोकं उठतं माझं, ओरडून ओरडून. वहिनी म्हणाली, तेही हसत, आणि आमच्याकडे पाहुणे येतात, त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. म्हणजे बघा, त्यांच्या तोंडावर. ते मीठ पुढे सरकवतायत तिच्याकडे, ती थँक्यू म्हणतेय मान हलवून, आणि हे बोलतेय.

मी थांबवायला हवं होतं. एक वाक्य. अरे दादा, बाबांना ऐकू येतंय. संपलं असतं, सगळे खजील झाले असते, मग हसले असते, मग बाबांच्या कानांत डोकावून डोकावून बघितलं असतं. पण मला सुचलंच नाही हो. इतक्या वर्षांची सवय. आईच बघून घेईल असं वाटलं असेल— मी आईच्या खुर्चीवर बसलेय हे लक्षातच आलं नाही माझ्या. असंच सांगितलं मी धाकटीला नंतर. दादालाही असंच सांगितलं. भांबावले, म्हटलं.

नाही. तसं नाही झालं.

सुचलं होतं. पहिल्या वाक्यालाच सुचलं. मास्तर, ही नवीन मशीनं फोनवरून चालतात. तुमची जुनी आहेत, त्यांना बटण आहे, नवीन घेतलीत की दाखवीन तुम्हाला. माझ्या फोनवर सगळं येतं, आवाज किती, कुठल्या बाजूचा, आजूबाजूचा गोंगाट कमी करून समोरच्या माणसाचं बोलणं उचलायचं, सगळं. मी टेबलाखाली फोन काढला. आणि समोरच्याचा आवाज वाढवला. दादा समोर बसला होता.

का म्हणजे? कळलं पाहिजे ना त्यांना! जन्मभर दादाचे स्वेटर घालून मिरवले. माझा मुलगा बघा, माझा मुलगा किती काळजी करतो. तो मुलगा आईनं बनवला होता, त्यांच्या कानात बसून, रोज थोडा थोडा. आणि मी? माझी वाक्यं तिला कधी दुरुस्त करावी लागली नाहीत. मी करायचे तेच बोलायचे. त्यामुळे माझ्याबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसायचंच. म्हटलं, ऐका एकदा. आई गेली, आता जे आहे ते ऐका. मांडीवर फोन, तोंडावर तेच हसू, आणि मी दादाला म्हटलं, मग तुझं म्हणणं काय, नीट सांग ना. त्याला बोलतं केलं मी. आणि तो बोलला, बिचारा. म्हणाला, खरं सांगू, आईच्या ऐवजी आधी हे गेले असते तर तिला मी नेलं असतं, तिचा काही त्रास नसता. बाबा सूप पीत होते. मिशीवरचा हात केव्हाच खाली आला होता. आणि मला— कसं सांगू तुम्हाला— मला बरं वाटलं. आत कुठेतरी गार वाटलं मला.

पुन्हा थरथरतोय. थांब गं बाई.

मग धाकटी बोलली. तिला नेहमी शेवटी काहीतरी सुचतं. म्हणाली, ताई, तूच का नाही ठेवून घेत? तू गावातच आहेस, तुझं तसं कुणी नाही, आणि तुला सवय आहे. तुला सवय आहे! झालं, माझं डोकंच फिरलं. फोन, मशीन, बाबा, सगळं विसरले, खरंच विसरले हो, ह्या वेळी खोटं नाही. दादापेक्षा मोठा आवाज माझा. म्हटलं, सवय? कसली सवय? वर्षभर आईला उचलून उचलून पाठ गेली माझी, तेव्हा कुठे होतात? आता ह्यांचं करू, मग मीच म्हातारी होऊ? आई गेली ना, त्या दिवशी मी घरी जाऊन बारा तास झोपले, आणि उठल्यावर पहिलं काय वाटलं सांगू? सुटले. सुटले असं वाटलं मला. आणि आता तुम्ही म्हणता दुसऱ्याला घे. मला नकोत ते. कुणीही न्या, मला नकोत.

मी त्यांच्या डावीकडे बसले होते, मास्तर. कानाला लागून.

 आणि बाबा हसले. तेच, ऐकू न आल्याचं हसू. क्षणभर मला वाटलं, देवा, सेल संपले असतील, मशीन बंद पडलं असेल, चाळीस मशीनांत एखादं निघतंच खराब. माझ्या धंद्यात पहिल्यांदा मी देवाजवळ मागितलं की माझं मशीन चालत नसू दे. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले— हळू, मास्तर, इतक्या हळू आवाजात ते कधी बोललेच नव्हते, स्वतःचा आवाज ऐकू येत होता ना— म्हणाले, आत नळ चालू राहिलाय. कुणीतरी बंद करा.

होता चालू. बारीक धार. आम्हाला कुणाला ऐकू आली नव्हती.

दादाचं तोंड बघवत नव्हतं. वहिनी उठून नळ बंद करायला गेली ती बाहेरच येईना. बाबांनी दोन्ही कानांतून मशीनं काढली, रुमालाला पुसली, मी शिकवलं होतं तशी नीट पुसली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या ताटाशी सरकवली. म्हणाले, छान आहेत. तुझं काम स्वच्छ आहे. पुन्हा मोठ्यानं, नेहमीच्या आवाजात. आणि मग सूप मागितलं, अजून थोडं. तिघांनी एकदम हात पुढे केला वाढायला.

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी त्या झाडांच्या ठिकाणी जातो, छापखान्यातला एक सोबती आहे तिथे, तोही ठार बहिरा आहे, आमचं जमेल. दादा पाया पडला, रडला, चला म्हणाला माझ्याकडे. बाबांनी त्याची पाठ थोपटली. दादाला रडता आलं, त्याचं बरं आहे. रडायला शब्द लागत नाहीत. मला शब्द लागतात. मी बोलून केलंय, तर बोलूनच काहीतरी करायला हवं ना? आणि मशीन ते घालत नाहीत. डबी मी त्यांच्या घरी परत ठेवून आले, ती ठेवली तिथेच आहे. म्हणजे आता मला ओरडावं लागेल. बहिऱ्या माणसाची माफी हळू आवाजात मागता येत नाही, मास्तर. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी मागावी लागते. गेले होते मी, परवा दुपारी. त्यांच्या कानाशी वाकले, म्हटलं, बाबा, मी बोलले ते तसं नव्हतं! मोठ्यानं, घसा ताणून. शेजारची बाई गॅलरीत आली. बाबा हसले आणि म्हणाले, हो हो, जेवलो मी. त्यांना ऐकू आलं नव्हतं की आलं होतं? हा माझा धंदा आहे, माणसाला किती ऐकू येतं हे मी आकड्यात सांगू शकते, आणि मला सांगता येत नाहीये. पाटीवर लिहायला घेतलं. खडू हातात धरून उभी राहिले. 'तसं नव्हतं' लिहू? तसंच होतं की. सुटले असं वाटलं होतंच मला. मग काय लिहू? खडू ठेवला आणि चहा करून दिला त्यांना.

आज जायचंय ते एवढ्यासाठीच. गाडीत बसायच्या आधी काहीतरी बोलायचं. दादा, वहिनी, धाकटी, गाडीवाला, शेजारची बाई, सगळे उभे असणार, आणि मी ओरडून सांगायचं, काय सांगायचं?

—झालं बघा. नखाचा ठसा उठत नाही. आता सावकाश, लगद्यामागच्या बोळ्याचा दोरा ओढते, थोडी हवा सुटल्यासारखी वाटेल. हा एक. आणि हा दुसरा. सुरेख आलाय, बघा, सगळं वळण उतरलंय. थांबा, तुमची जुनी घालून देते, सेल टाकते. हं. येतंय ऐकू? शिट्टी मारतंय ते असू द्या, आठवडाभर काढा. नाही, काही नाही, मी कुठे बोलत होते? रेडिओ असेल शेजारचा.

एक मिनिट हं. हॅलो. हो, बोल. ...आली का गाडी? ...बॅगा ठेवल्या? ...कोण, बाबा विचारतायत? काय विचारतायत? ...नाही गं, कशी निघू? आज नेमकी गर्दी आहे दुकानात, पाय ठेवायला जागा नाही. सांग त्यांना. ...हो, तसंच सांग. डाव्या कानात सांग.

काय बघताय, मास्तर? दिसतंय मला, रिकाम्या आहेत खुर्च्या. पुढच्या आठवड्यात या, कवचं तयार असतील. आणि जाताना दार ओढून घ्या, थंडी आत येते.